विमानातली खरखर आणि मेस्तरींचे कान

माझ्या हातात विणकामाच्या सुया शोभत नाहीत, हे आईनं मी दहा वर्षांची असतानाच जाहीर केलं होतं. मी विणलेला मोजा टोपीसारखा दिसायचा आणि टोपी कशासारखीच दिसायची नाही. असं असूनही लढाई संपल्यावर मी भिंगारला घरी परत आले, तेव्हा वडिलांनी पहिल्याच आठवड्यात मला समोर बसवून सांगितलं, की मुलींच्या शाळेत विणकामाच्या बाईंची जागा रिकामी आहे. वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते. जगातल्या सगळ्या अडचणींवर त्यांच्याकडे शाळा हा एकच इलाज होता.

लढाईच्या दिवसांत मी छावणीत वायरलेसवर होते. आम्हा मुलींची एक तुकडीच केली होती. सुरुवातीला नुसते संदेश ऐकून लिहून घ्यायचे. मग एखादा सेट बंद पडला आणि दुरुस्त करणारा जागेवर नसला, की मी मागचं झाकण काढून बघायची. पुढं पुढं तो जागेवर असला तरी मीच बघायची. हेडफोन कानाला लावले की घरचं, दारचं, कुणाचंच काही ऐकू येत नसे, हे त्या कामातलं मोठं सुख होतं. लढाई संपली, तुकडी मोडली, आणि चहा-बिस्किटं आणि एकेक प्रशस्तिपत्र देऊन आम्हाला घरी पाठवलं. आईनं माझं प्रशस्तिपत्र पत्र्याच्या पेटीत, माझ्या लग्नासाठी घेऊन ठेवलेल्या साड्यांच्या खाली ठेवलं. त्यावरून मी काय ते ओळखलं.

शाळेला शनिवारपर्यंत होकार कळवायचा होता. त्याच आठवड्यात सोमवारी आमच्या दारात धुळीनं माखलेली एक मोटार येऊन थांबली आणि ड्रायव्हरनं एक पत्र हातात दिलं. राहात्याच्या बाजूला एक साखर कारखाना होता. त्याच्या मालकांनी लष्करानं विकायला काढलेल्या सामानातून दोन माणसांचं एक छोटं विमान घेतलं होतं. त्यात वायरलेस होता, पण त्यातून खरखरीशिवाय काही ऐकू येत नव्हतं. छावणीतल्या कुणीतरी त्यांना माझं नाव सांगितलं होतं. पत्राच्या शेवटी लिहिलं होतं, की काम जमलं तर कारखान्यावर वायरलेस सांभाळायला कायमचं माणूस हवंच आहे.

"कायमचं" हा शब्द मी तीनदा वाचला. वडिलांनी चष्मा लावून पत्र एकदाच वाचलं आणि म्हणाले, "शनिवारी संध्याकाळी घरी यायचं. काम झालं असेल तर त्या नोकरीचं बोलू. नसेल झालं तर सोमवारपासून शाळा, आणि मग कुरकुर ऐकून घेणार नाही."

मी म्हटलं, "कबूल."

आई म्हणाली, "सुया बरोबर ने. तेवढीच हाताला सवय राहील." तिनं खरंच पोलादी सुयांची जोडी आणि अर्धवट मोजा माझ्या पिशवीत कोंबला. मोटार थांबली होती, म्हणून मी पिशवी तशीच उचलली.

कारखान्याच्या दवाखान्यातल्या नर्सबाई आमच्या ओळखीच्या होत्या, त्यांच्या खोलीवर माझी सोय केली होती. पिशवी तिथं टाकून मी तडक विमान बघायला गेले. उसाच्या फडांच्या मध्ये एक लांबट माळ साफ केलेला होता आणि त्याच्या टोकाला पत्र्याची शेड. शेडच्या दाराला झेंडूचं वाळलेलं तोरण लटकत होतं आणि आत विमान उभं होतं, नाकापासून शेपटीपर्यंत लालभडक, नुकताच शेंदूर चढवलेल्या म्हसोबासारखं. छावणीत मी पाहिलेली विमानं मळक्या हिरव्या रंगाची असायची. हे बघून मला आधी हसू आलं.

"हसायला काय झालं?" दारातून आवाज आला. डोक्याला रुमाल आणि खांद्यावर तेलकट फडकं टाकलेले साठीचे एक गृहस्थ तिथं उभे होते. ते कारखान्याचे मेस्तरी. बॉयलर, चरक, पंप, जे जे फिरतं आणि तापतं ते सगळं त्यांच्या हाताखालचं. विमान आल्यावर तेही त्यांच्या हवाली झालं होतं, पण एका अटीवर. विमान पुसायचं, राखायचं, मात्र त्याला पाना लावायचा नाही. पाना फक्त मुंबईहून येणारा माणूस लावील, असा मालकांचा हुकूम होता. चाळीस वर्षं पान्यावर जगलेल्या माणसाला हे सांगणं म्हणजे आचाऱ्याला चुलीजवळ बसवून डाव काढून घेण्यासारखं होतं.

बॉयलरघरात जन्म गेल्यामुळं मेस्तरींचे कान गेले आहेत, असं सगळे म्हणायचे. किती गेले आहेत, हे मात्र मेस्तरी दर वेळी स्वतः ठरवायचे. जेवायची हाक त्यांना दोन फडांपलीकडून ऐकू यायची. कामाची हाक शेजारी उभं राहून मारली तरी ते कानामागं हात धरून विचारायचे, "काय म्हनता?"

मालक थोड्या वेळानं आले. भरदार अंगाचे, खणखणीत आवाजाचे. त्यांचा एक विशेष होता. ते खुशीत असले की सगळ्यांना अरे-तुरे करायचे आणि चिडले की अहो-जाहो सुरू व्हायचं. विमान त्यांनी घेतलं होतं ते आकाशातून हुकूम सोडायच्या हौसेनं. कोणत्या फडातला ऊस आधी तोडायचा, गाड्या कुठून वळवायच्या, हे ते वर फिरत फिरत सांगायचे. शेडशेजारच्या खोलीत दुसरा सेट आणि एक भोंगा बसवला होता, त्यातून त्यांचं बोलणं खाली स्वच्छ यायचं. खालून दिलेलं उत्तर मात्र वर त्यांना ऐकू जात नव्हतं. तशी मालकांना कुणाचं उत्तर ऐकून घ्यायची सवय नव्हतीच. पण आपण होऊन न ऐकणं वेगळं आणि ऐकूच न येणं वेगळं.

"कधीपासून होतंय हे?" मी विचारलं.

"दसऱ्यापासून," मालक म्हणाले. "घेतलं तेव्हा मागं बसून सगळं स्वच्छ ऐकू यायचं. दसऱ्याला विमानाची पूजा केली, नारळ फोडला, आणि दुसऱ्या दिवसापासून ही खरखर. मेस्तरी म्हणतात सेट बिघडला."

"सेटच हाय," मेस्तरी म्हणाले. "इंजन माजं झ्याक हाय." हे बोलणं त्यांना न सांगता ऐकू आलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामाला लागले. विमानात वायरलेस मागच्या आसनापाशी होता आणि हेडफोनची जोडी एकच, तीही मागं. पुढं बसणारा वैमानिक हवाई दलातून सुटून आलेला एक पुण्याचा तरुण होता. त्याच्या खिशात कायम शेंगदाणे असायचे. त्याचं मत विचारलं तर तो म्हणाला, "मला हेडफोनच नाही. माझं छान चाललंय." मागच्यानं खांद्यावर एक थाप मारली की आणखी एक फेरी आणि दोन थापा मारल्या की खाली, एवढीच त्याची आणि मालकांची भाषा होती.

मी मेस्तरींना मागच्या आसनावर बसवलं, हेडफोन चढवले आणि खोलीतल्या सेटवरून बोलले. इंजिन बंद होतं. "मेस्तरी, ऐकू येतंय का?" खिडकीतून बघितलं तर मेस्तरींनी दोन्ही हात हलवून नाही म्हणून सांगितलं. मी पुन्हा बोलले. पुन्हा नाही. मग मी धावत गेले, हेडफोन स्वतःच्या कानाला लावले आणि खोलीतल्या कारकुनाला बोलायला सांगितलं. त्यानं पाढे म्हटले. सव्वीस एके सव्वीसपासून प्रत्येक आकडा लख्ख ऐकू आला.

"मेस्तरी, हे तर स्वच्छ ऐकू येतंय!"

"तुमचं कान तरनं हाईत," मेस्तरी शांतपणे म्हणाले.

आणि एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. इंजिन बंद असताना मी बोललेलं ऐकू आलं नाही असं त्यांनी सांगितलं होतं, पण दोन्ही वेळा माझं बोलणं संपताक्षणी त्यांचे हात हलायला लागले होते. म्हणजे मी कधी बोलले ते त्यांना कळलं होतं. सेट खराब ठरावा म्हणून म्हाताऱ्याचा हा उद्योग चालला होता. मला असा संताप आला, की हेडफोन आपटायचा हात मी कसाबसा आवरला.

मग इंजिन चालू केलं आणि पाढे नाहीसे झाले. तापल्या खापरात ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तशी तडतड. वेग वाढवला की लाह्या वाढायच्या. निदान एवढं तरी ठरलं, की सेट निर्दोष आहे आणि खरखर इंजिनातून येतेय. इंजिनात पेट्रोल पेटवायला ठिणगी पडते आणि प्रत्येक ठिणगी म्हणजे एक चिमुकला, नको ते बडबडणारा वायरलेसच असतो. तिची बडबड बाहेर जाऊ नये म्हणून सोय केलेली असते. ती सोय कुठंतरी फसली होती. हे मी मेस्तरींना समजावून सांगितलं.

"माज्या इंजनाला खोट लावता व्हय?" मेस्तरी म्हणाले आणि दोन तास माझ्याशी बोलले नाहीत.

बुधवार असाच गेला. मालकांनी "बाईंच्या देखत लावायचा" म्हणून मेस्तरींना पान्याची परवानगी दिली होती. खरं सांगायचं तर त्यांचा हात बघत राहावा असा होता. एक आटा वाकडा जात नव्हता, एक वॉशर खाली पडत नव्हता. आम्ही प्लग काढून साफ केले, तारांवरची जाळी तपासली, पंखावरून शेपटीकडे जाणारी एरियलची तार पुसून घट्ट केली, डायनामो सोडवून पाहिला. प्रत्येक वेळी इंजिन चालू, लाह्या चालू. प्रत्येक वेळी मेस्तरी माझ्याकडे असं बघत, की बघा, म्या म्हनलं हुतं.

दुपारी कडुलिंबाखाली त्यांनी आपल्या फडक्यातली भाकरी आणि ठेचा माझ्यापुढं सरकवला. "खा. रागानं प्वाट भरत न्हाई." मग म्हणाले, "बामनाच्या न्हाईतर मास्तराच्या घरची पोर, ह्या तेलात कशापायी हात घालती?"

मी त्यांना सगळं सांगितलं. शनिवार, शाळा, मोजे. शनिवारी हे जमलं नाही तर सोमवारपासून जन्मभर लोकरीचे गुंडे, हेही सांगितलं.

"इनकाम बरं की," मेस्तरी म्हणाले. "सावलीतलं काम."

"मग तुम्ही करा," मी म्हटलं. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. नंतर पाण्याचा तांब्या माझ्याकडे सारत त्यांनी एकदम विचारलं, "तुला लई आवडतं व्हय गं हे?" मी मान हलवली.

गुरुवारीही काही साधलं नाही. संध्याकाळी मालक आले आणि म्हणाले, "बाई, आपण फार कष्ट घेतलेत." अहो-जाहो सुरू झालं होतं. "उद्या दुपारपर्यंत बघावं. नाहीतर मुंबईच्या माणसाला तार करतो. शनिवारी सकाळी मोटार आपल्याला भिंगारला सोडील."

शुक्रवारी सकाळी मी पाना उचललाच नाही. इंजिनावरचं झाकण उघडून समोर एका डब्यावर बसले आणि नुसती बघत राहिले. चार दिवस मी कान लावून बसले होते, डोळे लावून बसलेच नव्हते. आणि मग मला दिसलं, की आतही सगळं लाल आहे. बाहेरून विमान रंगवलेलं असणं मी समजू शकत होते. पण झाकणाच्या आतल्या नळ्या, बोल्ट, बोल्टाखालचे वॉशर, सगळं लाल. इंजिन आणि विमानाचा लोखंडी सांगाडा यांना जोडणाऱ्या तांब्याच्या तारा विणून केलेल्या पट्ट्या असतात, पाच होत्या त्या. त्याही लाल.

"मेस्तरी, हे कुणी रंगवलं?"

"म्या सोता," मेस्तरी छाती फुगवून म्हणाले. "खंडेनवमीला. यंत्राला वरनं रंग द्यायचा आनि आत गंज ठेवायचा, ही आपली रीत न्हाई. एकेक भाग सोडायचा, घासायचा, रंगवायचा, वाळला की परत जोडायचा. मंग हळदकुकू. बॉयलरचं बी तसंच, चरकाचं बी तसंच."

"या पट्ट्यासुद्धा सोडल्या होत्या?"

"समद्या! खाली दोन हात दिल्यात रंगाचे. देवाच्या कामात आडजागा ठेवायची का?"

"पण मालकांनी पाना लावायचा नाही म्हणून सांगितलं होतं ना?"

मेस्तरींचा हात कानामागं गेला. "काय म्हनता?"

मी धावत नर्सबाईंच्या खोलीवर गेले, पिशवीतून आईची एक सुई ओढली आणि मोजा तिथंच सोडून परत आले. मेस्तरींना मागं बसवून हेडफोन लावायला सांगितले. वैमानिकानं इंजिन चालू केलं. मी पंख्यापासून लांब, इंजिनाच्या मागच्या बाजूला उभी राहिले आणि सुईचं एक टोक रंग खरवडून इंजिनाच्या धातूत रुतवलं, दुसरं सांगाड्याच्या नळीवर घासून दाबलं. इंजिनाच्या आवाजात बोलणं शक्यच नव्हतं. मी फक्त मेस्तरींच्या तोंडाकडे बघत होते.

सुई लागली आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. सुई उचलली, तोंड आंबट झालं. पुन्हा लावली, भुवया वर. असं मी चारदा केलं. चौथ्या वेळी भुवया वर गेल्या नाहीत. मेस्तरी नुसते माझ्या हातातल्या सुईकडे बघत राहिले.

इंजिन थांबलं. वैमानिक उतरून शेंगदाणे खायला सावलीत गेला. मेस्तरी आसनावरून हलेनात. मी जवळ गेले तेव्हा म्हणाले, "थांबतंय. सुई लावली की खरखर थांबतीया." त्या आठवड्यात त्यांनी दिलेला हा पहिला खरा जबाब होता.

मी त्यांना सांगितलं, की त्या पट्ट्या धातूला धातू लागावा म्हणूनच असतात. ठिणगीची बडबड त्यातून सांगाड्यात जिरते. मध्ये रंग आला की वाट बंद होते, आणि दोन हात रंग म्हणजे चांगलंच दार लावल्यासारखं झालं.

"म्हंजी म्याच," मेस्तरी म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "म्याच की."

चार दिवस मी ज्या म्हाताऱ्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या, त्याच्याबद्दलच्या त्या सगळ्या मी मनातच परत घेतल्या. त्यांनी त्या यंत्राची जेवढी सेवा केली होती, तेवढी त्याला बनवणाऱ्यांनीही केली नसेल.

"मालकांना सांगू नगा, बाई. पाना लावायचा न्हाई म्हनलं हुतं. घरी धाडत्याल मला. हंगामाचा पयला जाळ दर साली माज्या हातनं पेटतो. दिवाळी झाली की पेटवायचा हाय."

मी म्हटलं, "नाही सांगणार." मग आम्ही पाचही पट्ट्या सोडल्या. रंग खरवडायचं काम मेस्तरींनी मला करू दिलं नाही. पॉलिश पेपरनं ते एकेक जागा घासत होते, लाल भुगा खाली पडत होता, आणि ते मध्येच थांबून फुंकर मारत होते. धातू उघडा पडला तसे म्हणाले, "गंज चढंल." मी म्हटलं, जोडून झाल्यावर वरून व्हॅसलीन लावू. ते त्यांना पटलं.

दुपारी मालक आले. मी सांगितलं, की इंजिन आणि सांगाडा जोडणाऱ्या पट्ट्या नीट बसत नव्हत्या, त्या बसवल्या. मालकांनी जमिनीवरचा लाल भुगा पाहिला, माझी लाल नखं पाहिली. "पट्ट्यांना कुणी हात लावला होता?"

"मी सोमवारी आले," मी म्हटलं.

"हं," मालक म्हणाले. "आणि दुरुस्त झालं हे कशावरून? वर जाऊन कुणाला ऐकू येतंय ते बघू. मेस्तरी जातील. या माणसाला ऐकू आलं तर विमानात म्हसोबाला बसवलं तरी त्याला ऐकू येईल."

मेस्तरी जन्मात कधी माडीवरसुद्धा स्वखुशीनं चढले नव्हते. त्यांनी विमानाला हात लावून नमस्कार केला, रुमाल घट्ट बांधला आणि मागं बसले. बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं, असं मी त्यांना दोनदा सांगितलं. विमान माळावरून धावलं आणि उसावरून वर गेलं.

मी, मालक आणि कारकून खोलीत, बाहेर जमलेली सगळी माणसं खिडकीशी. भोंग्यातून आवाज आला, "आई आई आई आई!" आणि मग, "आरं, आपली चिमनी केवढीशी दिसतीया! राहात्याचा बाजार दिसतोय! त्यो बगा टांगा! ह्या येळेला कुटं चाललाय गाढवीचा?" मेस्तरी बटण सोडतच नव्हते. बाहेर हशा पिकला.

"बोलतात खरे," मालक म्हणाले, "पण ऐकतात का?" त्यांनी माझ्या हातातून माइक घेतला. मेस्तरी श्वास घ्यायला थांबले तेवढ्यात मालक एकेक शब्द तोडून बोलले. "मेस्तरी. त्या पट्ट्यांना पाना कुणी लावला होता?"

भोंगा गप्प झाला.

खिडकीतून विमान दिसत होतं. लहानसं, लाल, निवांत वळण घेत होतं. मला सगळं एकदम कळलं. ऐकू आलं म्हटलं तर खरं सांगावं लागणार. ऐकू आलं नाही म्हटलं की मेस्तरी सुटले. कानामागं हात धरायचा, बस. आयुष्यभर त्यांनी तेच केलं होतं. आणि मला सोमवारपासून मोजे.

"मेस्तरी, ऐकू येतंय की नाही तेवढं तरी सांगा," मालक म्हणाले.

काही नाही. मालकांनी माइक खाली ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, आपण फार प्रयत्न केलेत." मला मेस्तरींचा राग यावा असं वाटत होतं, पण येईना. त्या पहिल्या जाळाचं मला आठवत होतं. मी सेट बंद करायला हात पुढं केला.

भोंग्यात खुट्ट झालं.

"म्या लावला हुता, मालक." आवाज असा स्वच्छ आला, की कारकून दचकून उभा राहिला. "पट्टीखाली रंग बी म्याच दिला. पोरीनं सोधून काढलं. आनि तुमी इचारलं ते पयल्याच येळेला ऐकू आलं हुतं. बटनावर बोट हुतं, दाबायचा धीर हुईना."

मालकांच्या मानेवरची शीर फुगली. त्यांनी माइक उचलला. "मेस्तरी, आपण जरा खाली या."

"न्हाई येत," आभाळातून उत्तर आलं. "आदी पोरीचं सांगा. हितं ठिवनार का न्हाई?"

"खाली या म्हणतो ना!"

आम्ही खिडकीतून पाहिलं. विमान उतरायला वळलं होतं ते पुन्हा सरळ झालं आणि दुसऱ्या फेरीला लागलं. मेस्तरींनी वैमानिकाच्या खांद्यावर एक थाप मारली होती. बिचाऱ्याला काहीच ऐकू येत नव्हतं.

"माजं काय बी करा," भोंगा म्हणाला. "पर आदी पोरीचं."

तिसऱ्या फेरीला मालक ओरडले, "ठेवतो रे बाबा, ठेवतो! कायमची ठेवतो! पेट्रोल संपेल, उतर आता!" 'उतर' म्हणाले होते, 'उतरा' नाही. मी भिंतीला टेकून उभी होते आणि मला हसू येत होतं की रडू, ते मला सांगता आलं नसतं. दोन्ही येत होतं.

विमान उतरलं. मेस्तरी खाली आले. मालक तरातरा पुढं गेले आणि अख्ख्या माळाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मेस्तरी, पाना लावू नका म्हणून मी तुम्हाला किती वेळा सांगितलं होतं?"

मेस्तरींचा हात कानामागं गेला. "काय म्हनता, मालक? इंजनाच्या आवाजानं कान पार गेलं बगा."

मालक त्यांच्याकडे बघत राहिले. मग वैमानिकाकडे बघितलं. त्यानं शेंगदाणे पुढं केले. मालकांनी मूठभर घेतले आणि चावत चावत ऑफिसाकडे निघून गेले. दिवाळीनंतर पहिला जाळ मेस्तरींच्याच हातानं पेटला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, कारण तेव्हा मी तिथं नोकरीला होते.

पण त्या दुपारी माणसं पांगल्यावर मेस्तरी माझ्याकडे पाठ करून विमान पुसत होते. मी बरीच लांब होते. मला मोठ्यानं बोलवेना, म्हणून अगदी ओठातल्या ओठात म्हटलं, "मेस्तरी, फार उपकार झाले."

"व्हय, व्हय," मागं न वळता ते म्हणाले. "ती सुई तेवढी पुसून ठिव. गंज चढंल."